खांब कोणाचा, तार कोणाची?

गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीतल्या पोरांना एक खास काम असते. दोघे जण लांब बांबू घेऊन ट्रॅक्टरच्या पुढे चालतात. बांबूच्या टोकाला आडवी फळी ठोकलेली असते. मूर्ती जवळ आली की रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा त्या फळीवर उचलून धरायच्या आणि मूर्ती खालून पुढे गेली की सोडून द्यायच्या. लहानपणी आम्हीही हे काम केले आहे आणि त्याची मोठी फुशारकीही मारली आहे. त्या वेळी वर विजेच्या तारा आणि टेलिफोनची एखादी तार असे. आज त्याच खांबावर वडाच्या पारंब्यांसारखा झुंबाडा लटकतो. त्यातली कुठली तार टीव्हीची, कुठली इंटरनेटची, कुठली मेलेली आणि कुठल्या तारेत करंट उतरला आहे, हे बांबू धरणाऱ्या पोराला ठाऊक नसते. ज्याने ती टाकली त्यालाही ते ठाऊक नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

१७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री आपल्या हैदराबादेत रामंतापूरच्या गोकुळनगरात जन्माष्टमीच्या रथाचा विजेच्या प्रवाहाशी संबंध आला आणि पाच जण जागच्या जागी गेले. त्यानंतर दोन दिवसांच्या आत बंडलागुडा भागात गणपतीची मूर्ती नेताना आणखी दोघे तरुण दगावले. मग सरकारला जाग आली. हुकूम सुटला आणि वीज कंपनीची माणसे शिड्या व कात्र्या घेऊन निघाली. खांबावर दिसेल ती केबल कापायची! शहराच्या कितीतरी भागांतले इंटरनेट बसल्या जागी बंद पडले. एअरटेलसारखी मोठी कंपनी उच्च न्यायालयात धावली. लहान पुरवठादार कुठे धावणार? ते रात्री शिड्या लावून तुटलेली टोके जोडत बसले.

आता आमचा पहिला आक्षेप घरच्याच लोकांवर आहे, तो आधी नोंदवतो. त्या आठवड्यात काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, गौळीगुडा या आपल्या जुन्या वस्त्यांतल्या मराठी मंडळींच्या फोनवरचे संदेश आम्ही वाचत होतो. संताप मोठा होता. कोणाची पुण्याच्या नातवाशी भेट राहिली, कोणाची मालिका राहिली, कोणाच्या मुलाचे घरून चालणारे ऑफिस बंद पडले. या तक्रारी खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण त्यात ‘पाच माणसे गेली’ हे शब्द लिहिणारा एकही जण आम्हाला आढळला नाही. आणि ज्या तारांनी हा जीवघेणा खेळ मांडला त्यांतली एक आपल्याच खिडकीतून आपल्याच दिवाणखान्यात आली आहे, हे कबूल करणारा तर नाहीच नाही.

काय लटकते आहे ते एकदा नीट समजून घेऊ. आम्ही काही इंजिनिअर नव्हे. पण दरमहा ज्याचे पैसे भरतो त्या मालाची चौकशी करायला इंजिनिअर असावे लागत नाही.

फायबर म्हणतात ती केसासारखी बारीक काच. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. मग काचेच्या तारेने माणूस मरेल कसा, असे कोणीही विचारील. मरतो तो काचेमुळे नव्हे. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत केबल ताणून धरायची तर तिला आधार लागतो, म्हणून पुष्कळशा स्वस्त केबलींत काचेच्या शेजारी पोलादी तार घातलेली असते. घरात येणाऱ्या चपट्या काळ्या केबलीतही बहुधा ती असतेच. टीव्हीच्या जुन्या केबलीत तर तांबे आणि जाळी. असली केबल सैल पडून, वाऱ्याने हलून किंवा माकडाने ओढून वरच्या विजेच्या तारेला टेकली की ती काही इंटरनेटची राहत नाही. तिचे दुसरे टोक शेपन्नास फुटांवर कुठल्या तरी गच्चीच्या लोखंडी कठड्याला गुंडाळलेले असते. मधे कोणाचा हात लागेल, कोणाचा रथ लागेल, त्याचे नशीब.

यावर उपाय नाही असे नाही. अंगात धातूचा कणही नसलेली आणि स्वतःचे वजन स्वतः पेलणारी केबल मिळते. वीज कंपन्या स्वतःच्या कामासाठी ती उच्चदाबाच्या मनोऱ्यांवरही वापरतात. ती महाग पडते, एवढाच तिचा दोष. आपल्या गल्लीतल्या पुरवठादाराने पोलादी तारेची केबल घेतली ती या फरकाचे पैसे वाचवण्यासाठी. ते वाचवलेले पैसे तुमच्याआमच्या बिलात कमी झाले म्हणून आपण खूश!

हा पुरवठादार आला कुठून, हेही पाहिले पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्यांना खुले केले तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई आणि मोडेमच्या किरकिरीने घरातली म्हातारी माणसे दचकत. १९९८ साली खाजगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. खरा बदल मात्र केबल टीव्हीवाल्यांनी घडवला. त्यांच्याजवळ घरोघरी जाणारी तार होती, वसुलीला फिरणारी पोरे होती आणि गल्लीत ओळख होती. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडे निळ्या-करड्या लॅन केबली गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत घराघरांत शिरल्या. त्या केबलीची मर्यादा शंभर मीटर. म्हणून दर दोन-तीन इमारतींमागे एका गच्चीवर पत्र्याच्या पेटीत स्विच ठेवावा लागे आणि त्याची वीज त्या घरमालकाच्या मीटरमधून घेतली जाई. बदल्यात त्याला नेट फुकट. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली की स्विच जळालाच! बीम नावाची हैदराबादचीच कंपनी याच काळात नावारूपाला आली आणि पुढे बंगळूरच्या ॲक्टमध्ये सामावली गेली. मागून फायबर आले, लॅनच्या केबली निकामी झाल्या. पण त्या काढल्या कोणी? कोणीही नाही. नवी टाकायला पैसे मिळतात, जुनी उतरवायला कोण देतो? आमच्या दारासमोरच्या खांबावर आज तीन पिढ्यांच्या तारा एकत्र नांदतात. एवढी एकत्र कुटुंबपद्धती आपल्या घरांतही उरलेली नाही.

फायबरची मांडणी एरवी फार सुबक आहे. पुरवठादाराच्या खोलीत ओएलटी नावाचे यंत्र असते. त्याच्या एका पोर्टातून काचेचा एक धागा निघतो. वाटेत खांबावरच्या डबीत स्प्लिटर म्हणजे प्रकाश वाटून देणारा तुकडा असतो, त्याला वीज लागत नाही. एकाचे आठ, आठाचे चौसष्ट असे फाटे फुटून प्रत्येक घरातल्या पांढऱ्या डबीपर्यंत तो प्रकाश येतो. जीपॉन या पद्धतीत एका पोर्टातून घरांकडे सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट जाऊ शकतात. आता आमच्या वाणिज्य शाखेचा हिशेब करू. चौसष्ट घरांनी एकाच वेळी भरपूर मागितले तर घरटी ३८ मेगाबिट आणि वर थोडे. पावतीवर लिहिलेले असते १००. ज्यांच्याकडे त्याहून स्वस्तातली, सेकंदाला सुमारे हजार मेगाबिट देणारी यंत्रे आहेत, त्यांच्याकडे हाच भागाकार साडेपंधरावर येतो.

कोणी म्हणेल ही फसवणूक आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. आम्ही बँकेत आहोत आणि बँकही हेच करते. सगळे ठेवीदार एका दिवशी पैसे काढायला येत नाहीत या भरवशावर त्यांचाच पैसा कर्जाऊ दिला जातो. सगळी घरे एका क्षणी नेट ओढत नाहीत या भरवशावर पुरवठादार एकच माल चौसष्ट जणांना विकतो. यात गैर काही नाही. फरक आहे तो इतकाच की बँकेने किती रोकड राखावी हे रिझर्व्ह बँक ठरवते, तपासते आणि चुकल्यास दंड करते. गल्लीतल्या पुरवठादाराने एका पोर्टावर चौसष्ट घरे बसवली की एकशे अठ्ठावीस, वरच्या कंपनीकडून किती माल घेतला, हे आपल्या गल्लीत येऊन कोण पाहते? रात्री साडेनऊला चित्र अडखळू लागले की आपण डबी बंद करून पुन्हा सुरू करतो आणि तिलाच शिव्या देतो.

दुसरा हिशेब प्रकाशाचा. ओएलटीतून निघालेला प्रकाश घरापर्यंत पोचताना किती कमी झाला तरी चालेल याची मर्यादा असते. नेहमीच्या यंत्रांत ती २८ डेसिबल. ही मंडळी तिला ‘बजेट’च म्हणतात आणि शब्द अगदी चपखल आहे. चौसष्ट फाटे केले की त्यातले वीस-एकवीस तिथेच खर्च होतात. उरलेल्या सातात किलोमीटरमागे सुमारे एक तृतीयांश, शिवाय प्रत्येक जोडणीचे वेगळे. काच वितळवून यंत्राने सांधली तर नुकसान नगण्य. घाईत टोके एकमेकांना भिडवून क्लिपने धरली, वर चिकटपट्टी गुंडाळली, की अर्धा डेसिबल आणि प्रसंगी त्याहून जास्त गेला. ऑगस्टमध्ये कापलेल्या तारा ज्या घाईने जोडल्या गेल्या, त्या घाईचे व्याज आपण अजून भरतो आहोत. पाऊस आला, पट्टीत पाणी शिरले, की डबीवर लाल दिवा.

आमच्याकडे हा लाल दिवा ऑगस्टनंतर चार वेळा लागला. चौथ्या वेळी दुरुस्तीला आलेला मुलगा आपल्यातलाच निघाला. आजोबा नांदेडकडचे, घर गौळीगुड्यात. त्याच्याजवळ प्रकाश मोजायचे छोटे यंत्र होते. आम्ही विचारले, “आकडा किती आला रे?”

“काका, टेन्शन घेऊ नका, चालू होईल.”

“चालू होईलच. आकडा सांग.”

त्याने यंत्र आमच्यापुढे धरले. उणे सव्वीस. उणे सत्तावीसच्या पलीकडे आमची डबी आंधळी होते. म्हणजे आम्ही कड्याच्या टोकावर उभे होतो आणि महिनाभर ग्राहक सेवा केंद्र आम्हाला सांगत होते की तुमचा लॅपटॉप जुना झाला आहे. मग तो मुलगा खांबावर चढला. हातमोजे नाहीत, पट्टा नाही, पायात रबरी सपाता. खाली उतरला तेव्हा आम्ही त्याला चहा दिला आणि विचारले, या इतक्या तारांत आपली कुठली हे तू ओळखतोस कसे? तो म्हणाला, “ओढून पाहतो काका. घरातला दिवा लाल झाला तर तीच.”

वाचकहो, ही आपल्या शहरातल्या इंटरनेटची नोंदवही आहे! बँकेत एखाद्या व्हाउचरवर सही राहिली तर आम्हाला संध्याकाळी थांबवून घेतात. इथे शेकडो घरांच्या तारांना नाव नाही, क्रमांक नाही, नकाशा नाही. जो मुलगा टाकतो त्याच्या डोक्यात नकाशा असतो आणि तो दुसरीकडे नोकरीला गेला की नकाशाही त्याच्याबरोबर जातो.

आणि केवळ गल्लीतल्या धंद्यांचीच ही गत आहे असे समजू नका. आमच्या शाखेत दोन लाइनी आहेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक गेली तर दुसरी, अशी कागदावर चोख व्यवस्था. ऑगस्टमधल्या त्या कापाकापीत दोन्ही एकाच वेळी गेल्या. बाहेर जाऊन पाहिले तर दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच खांबावर, एकाच गाठीत, एकाच वळणाने आत आलेल्या. दोन भाड्यांत बँकेने एकच दोरी घेतली होती. काउंटरसमोर पेन्शनवाल्यांची रांग, त्यात आपलीही किती माणसे. एका वृद्ध बाईंना औषधासाठी पैसे हवे होते आणि आम्ही त्यांना ‘लिंक नाही’ सांगितले. पंचवीस वर्षांपूर्वी खातेवहीतून पैसे देता येत होते. आता ती सोयही नाही. ‘लिंक नाही’ हे दोन शब्द उच्चारताना आम्हाला लाज वाटली हे लपवत नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला, तोही २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’च्या वाटेने मोबाइलवर, संगणकावर देता येतो. गॅसचे बुकिंग, दवाखान्याची वेळ, नातवंडांची शाळा. हे सगळे ज्या दोरीवर टांगले आहे ती दोरी एका खोलीतून निघते आणि त्या खोलीतल्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या हे कोणी विचारत नाही. घरात इन्व्हर्टर घेतला म्हणजे झाले असे आपल्याला वाटते. वीज गेली, घरातली डबी सुरू आहे, दिवे हिरवे आहेत, पण नेट नाही. कारण ओएलटीच्या खोलीतली बॅटरी चार वर्षांची म्हातारी होऊन दहा मिनिटांत मान टाकते. बॅटरी ही दर काही वर्षांनी बदलायची वस्तू आहे, तिचा घसारा पहिल्या दिवसापासून बाजूला काढायचा असतो. आमच्या पुस्तकात हा पहिल्या वर्षाचा धडा होता. आपल्या पुरवठादारांपैकी कितीजण तो काढतात, याची आम्हाला शंका आहे.

आता वीज कंपनीकडे वळू, कारण ती या प्रकरणात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली आहे आणि तिला तिथे बसायचा अधिकार नाही. आपल्या शहरात हुसेनसागरच्या काठी १९२० साली वीजघर उभे राहिले. तेव्हापासून रस्त्यावरचे खांब विजेवाल्यांचे. त्या खांबांवर वीस-पंचवीस वर्षे परक्या तारा चढत होत्या तेव्हा लाइनमन काय डोळे मिटून शिडी चढत होता? प्रत्येक खांबाखालून त्यांची माणसे महिन्यातून एकदा मीटर वाचायला जातात. माणसे मेल्यावर एका आठवड्यात सगळे बेकायदा ठरले आणि कात्रीने न्याय झाला. कापलेल्या तारांचे ढीग रस्त्याच्या कडेला टाकले, काही अर्धवट लोंबतच ठेवले. आमच्या कोपऱ्यावर एक कापलेले टोक आजही मुलांच्या डोक्याच्या उंचीवर झुलते. हे सुरक्षेचे काम की सूड?

खांबावर फायबर टाकणे हेच पाप आहे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही शेजारच्या आंध्रकडे बोट दाखवू. तिथे सरकारने राज्यभराचे फायबर मुद्दाम विजेच्या खांबांवरून नेले, कारण खणण्यापेक्षा ते लवकर व स्वस्तात होते. तिथल्या योजनेतले बाकीचे राजकारण सोडून द्या. मुद्दा असा की खांब वापरायचा तर उघडपणे वापरता येतो, उंची ठरवून, अंतर ठरवून आणि नोंद ठेवून. आणि खांब नको असेल तर तेलंगणानेच दुसरी वाट दाखवली आहे. खेड्यांत मिशन भगीरथचे पाण्याचे नळ टाकताना त्याच चरात केबलीसाठी नळी टाकायची योजना या राज्याने केली. खेड्याला जी अक्कल लावली ती शहराला का लावू नये? आपल्या गल्लीचा रस्ता पाण्यासाठी खणतात, गटारासाठी पुन्हा खणतात, सिमेंटचा करताना तिसऱ्यांदा खणतात. त्यातल्या एकाही वेळी दोन पोकळ नळ्या आत टाकून ठेवाव्यात हे कोणाला सुचत नाही. दूरसंचाराच्या तारा नेण्याच्या हक्काचे नवे केंद्रीय नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. खणण्याआधी खाली काय आहे ते कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये एक ॲपही काढले. कागद भरपूर आहेत. नळी नाही.

स्थानिक पुरवठादाराची बाजू आम्हाला माहीत आहे, कारण त्यांतले दोघे-तिघे आमच्या ओळखीचे आहेत. तो म्हणतो, मोठ्या कंपन्या तोट्यात दर लावतात, मी वर बघू की खाली? नळीचे भाडे परवडणार नाही, महाग केबल परवडणार नाही, सगळे नियम पाळले तर धंदा मोठ्यांच्या घशात जाईल आणि रात्री दहाला तुमच्या दारात यायला कोणी उरणार नाही. यातले शेवटचे वाक्य खरे आहे. मोठ्या कंपनीच्या फोनवर ‘एक दाबा, दोन दाबा’ करत बसण्यापेक्षा आपल्या गल्लीतला माणूस शतपटीने बरा. तो टिकावा असे आम्हालाही वाटते. पण टिकायचे म्हणजे लोकांच्या जिवावर टिकायचे नव्हे. प्रत्येकाने स्वतःची वेगळी तार ताणण्याऐवजी गल्लीतल्या पाच पुरवठादारांनी मिळून एकच जाड, धातूविरहित केबल टाकली आणि तिच्यातले धागे वाटून घेतले तर? एका केबलीत चोवीस-अठ्ठेचाळीस धागे सहज बसतात. खर्च पाचात विभागला जाईल, खांबावर पाचाऐवजी एक तार राहील, आणि दोन दिशांनी फिरवून कडे पूर्ण केले तर एका बाजूला तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालेल. आम्ही हे एका पुरवठादाराला सुचवले. तो म्हणाला, “साहेब, मग माझे ग्राहक तो पळवील.” म्हणजे अडचण काचेची नाही, पैशाचीही पुरती नाही. शेजाऱ्यावर विश्वास नाही, ही अडचण आहे.

आणि आपण? १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा आपले आजे-पणजे याच शहरात राहिले. शाळा काढल्या, ग्रंथालये काढली, विवेकवर्धिनीसारखी संस्था त्याहीआधी १९०७ पासून उभी होती. त्यासाठी वर्गणी गोळा केली, दारोदार फिरले, सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. आज आपण स्वतःच्या दारातल्या खांबाकडे मान वर करून पाहत नाही. पुरवठादार ओळखीचा असला की विचारायला संकोच वाटतो, अनोळखी असला की भीती वाटते. निवडणुकीत उमेदवार गणपतीच्या आरतीला येतो, तबकात पाचशेची नोट टाकतो, आपण त्याला शाल घालतो. त्याला एकदा तरी विचारले का, की या वॉर्डात नळ्या कधी टाकणार? पुढच्या वेळी शाल हातात धरून ठेवा आणि आधी हे विचारा.

मंडळांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. मूर्तीची उंची वाढवत न्यायची आणि तारा आड आल्या की पोरांच्या हाती बांबू द्यायचा, हा प्रकार यंदापासून बंद झाला पाहिजे. बांबू ओला असतो, पाऊस असतो, आणि वरची तार कोणाची हे विचारायला तिथे कोणी नसते. मिरवणुकीच्या वाटेवरचे खांब आठ दिवस आधी वीज कंपनीला लेखी कळवून तपासून घ्यावेत, त्याची पोच घ्यावी. पोच मिळाली नाही तर मूर्ती छोटी करावी, वाट बदलावी. आम्हाला यावर ‘तुम्ही धर्माच्या आड येता’ असे ऐकवले जाईल. ऐकवा. रामंतापूरला गेले तेही देवाचा रथच ओढत होते.

तक्रार करून थांबायचे नाही म्हणून आम्ही एक काम सुरू केले आहे. आमच्या गल्लीतल्या अकरा खांबांवरच्या तारा मोजल्या. घरासमोरच्या एका खांबावर एकतीस तारा निघाल्या. गल्लीत येणाऱ्या चारही पुरवठादारांना पत्र दिले की तुमच्या तारेला तुमच्या नावाची पट्टी लावा. दोघांनी लावली. एकाने ‘बघतो’ म्हटले, एकाने फोन उचलणे सोडले. पट्टी लागलेल्या तारा नऊ. उरलेल्या बावीस तारांचा धनी कोणीही पुढे आलेला नाही. ही यादी खांबाच्या क्रमांकासह वीज कंपनीच्या विभागीय कचेरीत दिली आणि पोच घेतली, तारीख टाकून. बेवारस तारा त्यांनी उतरवाव्यात, पण कोणाची कुठली ते पाहून आणि पुरवठादाराला आधी कळवून, असे अर्जात लिहिले आहे.

अर्जाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. आपल्या गल्लीचे खांब मोजायला दोन माणसे आणि एक रविवार सकाळ पुरते. घरी दुरुस्तीचा मुलगा आला की प्रकाशाचा आकडा विचारा आणि पावतीच्या मागे लिहून ठेवा. ओएलटीच्या खोलीतली बॅटरी कधी बदलली तेही विचारा. आणि त्याला हातमोजे दिले आहेत का, हे त्याच्या मालकाला विचारा.